महागाईविरोधात आंदोलन करायचं तर मी काय निवडेन, थाळीनाद की लाटणं मोर्चा?
1972 ला मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर वगैरे समाजवादी-कम्युनिस्ट बायकांनी मिळून महागाईविरोधात समिती काढली, तेव्हाची ही दोन हत्यारं. थाळीनाद म्हणजे ठरलेल्या वेळी घरातच थाळी बडवायची, त्यामुळे जिला तान्हं पोर सोडून निघता येत नाही, जिला घरून परवानगीच नाही ती पण आंदोलनात, आणि चाळीच्या गॅलरीत एकीने सुरू केलं की शेजारीण कणकेच्या हातानेच बाहेर येणार. ही ताकद मला फार मोठी वाटते! लाटणं मोर्चाला मात्र हातात लाटणं घेऊन रस्त्यावर यावं लागतं, पोलिसांसमोर उभं राहावं लागतं, पण तेल-साखर-रॉकेल कुठे गेलं हे सरकारला तोंडावर विचारता येतं. म्हणून मी मोर्चाच निवडेन, फक्त त्याआधी चार दिवस घराघरात थाळ्या वाजू देत.