खिशात मावणारी अमेरिकन राज्यघटना: बाबांच्या सिटिझनशिप टेस्टसाठी घेतलेल्या पुस्तिकेचा रिव्ह्यू

आधी कशासाठी घेतली ते सांगते. बाबांची सिटिझनशिपची टेस्ट होती. फॉर्म 20 ऑक्टोबर 2025 च्या आधी भरलेला म्हणून त्यांना जुनीच टेस्ट लागू, म्हणजे 100 प्रश्नांची लिस्ट, त्यातले इंटरव्ह्यूला जास्तीत जास्त 10 विचारणार आणि 6 बरोबर आले की पास. (त्या तारखेपासून पुढे भरणाऱ्यांना 128 ची लिस्ट आणि 20 पैकी 12, सुटलो.) लिस्ट फुकट डाउनलोड होते, ती मी प्रिंट काढून दिली, पण बाबांनी सगळी नोकरी बँकेत काढलेली, त्यांना नुसतं उत्तर चालत नाही, मूळ कागद दाखव म्हणतात. म्हणून एका म्युझियमच्या दुकानातून ही पॉकेट साइज घटना उचलली, दोन डॉलरच्या आत. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण मजकूर सगळ्यांचा सेमच असतो, फरक फक्त कागद आणि छपाईचा.

आता वस्तूबद्दल. तळहाताएवढी, मोबाइलपेक्षा जराशी रुंद, निळं कव्हर, मधोमध दोन पिना मारलेल्या. आत 1787 ची मूळ घटना, 7 आर्टिकल्स, खाली सह्या करणाऱ्या 39 जणांची नावं, मग 27 अमेंडमेंट्स (नंतर केलेल्या दुरुस्त्या) आणि शेवटी डिक्लरेशन ऑफ इंडिपेंडन्स. नंतर रद्द झालेला मजकूर काढून टाकलेला नाही, तो कंसात टाकलाय, हे मला फार आवडलं, खोडलेलंही दिसतं. कागद ठीक आहे, पेन्सिलने लिहिता येतं पण पेनची शाई मागे उमटते. अक्षर मात्र मुंगीएवढं, बाबा चष्म्यावर भिंग धरून वाचायचे. आणि दुसऱ्याच आठवड्यात मधलं पान पिनेतून सुटलं, ते सेलोटेपने चिकटवलंय. अर्धा स्टार तिथेच गेला.

मागे इंडेक्स नाही, ही खरी तक्रार. आणि त्या इंडेक्स नसण्यामुळेच पुढचं सगळं रामायण झालं.

लिस्टमधला 14 नंबरचा प्रश्न असा आहे की सरकारची एकच शाखा फार पॉवरफुल होऊ नये म्हणून तिला काय थांबवतं. उत्तर दोनपैकी कुठलंही द्या, चेक्स अँड बॅलन्सेस (शाखांचा एकमेकींवर अंकुश) किंवा सेपरेशन ऑफ पॉवर्स (अधिकारांची वाटणी). पाठ करायला सगळ्यात सोपा प्रश्न, मी म्हटलं पुढे चला. बाबा म्हणाले थांब, हे कुठल्या पानावर आहे ते बघू दे. दोन संध्याकाळी भिंग घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर म्हणाले, "अगं, यात नाहीये."

मी म्हटलं असं कसं नसेल बाबा, तुमच्या नजरेतून सुटलं असेल. फोनवर सगळा मजकूर उघडून सर्च मारला. खरंच नाही! चेक्स अँड बॅलन्सेस हे शब्द घटनेत नाहीत, सेपरेशन ऑफ पॉवर्स पण नाहीत. मग आम्हाला नादच लागला. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (प्रेसिडेंटने काढलेला हुकूम)? नाही. राजकीय पक्ष? एका अक्षराने नाही. कोर्ट एखादा कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द करू शकतं हे तरी असेल, तर तेही स्पष्ट लिहिलेलं नाही, ते सुप्रीम कोर्टाने 1803 साली मार्बरीच्या केसमध्ये स्वतःच सांगून टाकलं आणि सगळ्यांनी मानलं. म्हणजे टेस्टचं उत्तर बरोबर आहे पण पुस्तकात बोट ठेवायला जागा नाही.

"मग थांबवतं म्हणजे कोण थांबवतं, नाव सांग," बाबांचा पुढचा प्रश्न. बँकेत म्हणे जबाबदारी कधी खात्यावर टाकत नाहीत, सहीवर टाकतात.

इथून पुढे ही पुस्तिका खरं तर कामाला आली, कारण ती इतकी छोटी आहे की एका बैठकीत तुलना करता येते. आर्टिकल 1 काँग्रेसचं (म्हणजे इथल्या संसदेचं), त्याचे 10 सेक्शन, पानंच्या पानं. आर्टिकल 2 प्रेसिडेंटचं, 4 सेक्शन. आर्टिकल 3 कोर्टांचं, 3 सेक्शन, सुरू होतं तोवर संपतं. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या मनात मोठं गिऱ्हाईक काँग्रेसच होतं. टॅक्स आणि जकात बसवणं काँग्रेसकडे, युद्ध पुकारणं काँग्रेसकडे, कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही हेही आर्टिकल 1 मध्येच. प्रेसिडेंटला सैन्याचं प्रमुखपद, माफी, व्हेटो, नेमणुका आणि कायदे नीट राबवायची जबाबदारी. बाबांनी समासात पेन्सिलने दोन कॉलम पाडले, जमा आणि नावे.

इम्पीचमेंटवर (महाभियोग, म्हणजे आरोप ठेवून प्रेसिडेंटला काढणं) आमचा फार वेळ गेला नाही. हाउसने (काँग्रेसचं खालचं सभागृह) साध्या बहुमताने आरोप ठेवायचे, सेनेटने (वरचं सभागृह) हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांशांनी दोषी ठरवायचं. आजवर तीन प्रेसिडेंट, चार वेळा, सेनेटने एकदाही काढलेलं नाही. 1868 ला अँड्र्यू जॉन्सन 35 विरुद्ध 19, एका मताने वाचला. 2021 ला ट्रम्पच्या दुसऱ्या वेळी 57 विरुद्ध 43, स्वतःच्या पक्षाचे 7 जण विरोधात जाऊनसुद्धा दहा मतं कमी. बाबांनी त्या ओळीपुढे लिहिलं, "कलम आहे, वापर शून्य." मी म्हटलं शून्य नाही हो, प्रेसिडेंट निक्सन या धाकानेच राजीनामा देऊन गेला. ते त्यांना मान्य झालं, पण अर्धंच.

कारण निक्सनची गोष्ट पूर्ण वाचली तर त्यात कोर्ट येतं. 24 जुलै 1974 ला सुप्रीम कोर्टाने 8 विरुद्ध 0 ने सांगितलं की वॉटरगेट प्रकरणातल्या, तुमच्या ऑफिसातल्या बोलण्याच्या टेप्स द्या, आणि त्या आठांतले तीन जज खुद्द निक्सनने नेमलेले. त्याने टेप्स दिल्या. मग 7 ऑगस्टला गोल्डवॉटरसारखे त्याच्याच पक्षाचे पुढारी जाऊन सांगून आले की सेनेटमध्ये तुला वाचवायला मतं नाहीत, 9 ऑगस्टला माणूस घरी. त्याआधी 1952 ला ट्रुमनने संप होणार म्हणून स्टीलच्या गिरण्या ताब्यात घेतल्या, तेव्हा कोरियात युद्ध चालू होतं, तरी कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने नाही म्हटलं आणि ट्रुमनने गिरण्या परत केल्या. चरफडत, पण केल्या.

"पण केल्या का?" बाबा म्हणाले. "नसत्या केल्या तर?"

हा प्रश्न मला वाटतं या दोन डॉलरच्या वस्तूतून निघालेला सगळ्यात महाग प्रश्न आहे. आर्टिकल 3 चाळून बघा, कोर्टाच्या हाताखाली शिपाई नाही. कोर्टाचे हुकूम बजावणारे यू.एस. मार्शल्स येतात जस्टिस डिपार्टमेंटकडून, आणि ते खातं प्रेसिडेंटच्या हाताखाली. बाबांनी आयुष्यभर थकलेल्या कर्जांच्या केसेस बघितल्यात, ते म्हणाले हुकूमनामा हातात आला म्हणजे वसुली झाली असं नसतं, आणि इथे तर बेलिफच कर्जदाराच्या पगारावर आहे. लिंकनने 1861 ला चीफ जस्टिस टेनीचा हुकूम बाजूला ठेवला होता ते मी सांगितलं, तर म्हणाले बघ, चांगल्या माणसानेही केलंय म्हणजे रस्ता आहे. त्यात हल्लीचे दोन निकाल कोर्टाने स्वतःच दिलेत, 1 जुलै 2024 ला प्रेसिडेंटला अधिकृत कामांसाठी फौजदारी खटल्यापासून बरंच संरक्षण, आणि 27 जून 2025 ला खालच्या जजांच्या देशभर लागू होणाऱ्या मनाई हुकुमांना लगाम, दोन्ही 6 विरुद्ध 3. हे पुस्तिकेत अर्थातच नाही, पुस्तिका 27 व्या अमेंडमेंटला, 1992 ला संपते. कोर्ट नुसतं मान डोलावतं असंही मी म्हणणार नाही. 2023 ला बायडनची सुमारे 400 अब्ज डॉलरची स्टुडंट लोनची माफी याच कोर्टाने उडवली होती, त्याचं म्हणणं होतं की इतकं मोठं काम काँग्रेसने स्पष्ट सांगितल्याशिवाय करता येत नाही.

आणि इथेच ते काँग्रेसकडे परत येतं, आणि इथे बाबांनी जे सांगितलं ते मला अजून कुणी इतकं सरळ सांगितलेलं नाही.

1976 ला काँग्रेसने आणीबाणीचा कायदा केला. प्रेसिडेंटने आणीबाणी जाहीर करायची, त्याला जादा अधिकार मिळणार, पण काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की आणीबाणी संपली, प्रेसिडेंटची सही लागणार नाही. ठीक आहे ना? मग 1983 ला सुप्रीम कोर्टाने चढ्ढा नावाच्या केसमध्ये ठरवलं की असे सहीविना ठराव चालणार नाहीत, कायदा म्हणजे प्रेसिडेंटसमोर ठेवावाच लागतो. कोर्टाचं लॉजिक घटनेच्या शब्दाला धरूनच होतं, आर्टिकल 1, सेक्शन 7, बाबांनी पान काढून दाखवलं. पण परिणाम काय झाला, अधिकार दिलेले तसेच राहिले आणि परत घ्यायची वाट बंद. आता संपवायचा ठराव प्रेसिडेंटकडे सहीला जातो, तो व्हेटो करतो, आणि मग तो उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात.

"हे कुलमुखत्यारपत्र झालं," बाबा म्हणाले. "आणि रद्द करायला त्याच मुखत्याराची सही. असं मुखत्यारपत्र आमच्याकडे कुणी आणलं असतं तर मॅनेजरने बाहेर काढला असता."

झालेलं आहे हे, कल्पना नाही. 2019 ला ट्रम्पने मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी 5.7 अब्ज डॉलर मागितले, 35 दिवस सरकार बंद राहिलं, काँग्रेसने शेवटी 1.375 अब्ज दिले. मग बाकीचा पैसा दुसरीकडून वळवायला 15 फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर. हाउसने 245 विरुद्ध 182 ने ती संपवायचा ठराव केला, सेनेटने 59 विरुद्ध 41 ने, त्यात 12 जण त्याच्याच पक्षाचे. दोन्ही सभागृहं नाही म्हणाली! 15 मार्चला व्हेटो. हाउसमध्ये व्हेटो उलटवायला 248 पडली, विरोधात 181, दोन तृतीयांश नाही, विषय संपला. तिजोरीची किल्ली ज्यांच्या नावावर, त्या दोघांनी नाही म्हणून काही फरक पडला नाही.

दुसरं तर याहून गमतीचं. याच आणीबाणीच्या कायद्यात असं आहे की संपवायचा ठराव आला की ठरावीक दिवसांत कमिटीने तो पुढे पाठवलाच पाहिजे, म्हणजे दाबून ठेवता येत नाही. मार्च 2025 मध्ये हाउसने एक नियम पास केला, की ट्रम्पने टॅरिफसाठी (बाहेरच्या मालावरची जकात) वापरलेल्या नव्या आणीबाणीपुरता त्या सेशनमधला उरलेला कुठलाच दिवस हा दिवस धरायचा नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांना आधी वाटलं माझं भाषांतर चुकतंय. मग भिंग खाली ठेवून पाच मिनिटं हसले. थकीत कर्ज थकीत दिसू नये म्हणून कॅलेंडरच बंद केलं, म्हणाले, आम्हाला कधी सुचलं नाही हे.

माझं मत विचाराल तर प्रेसिडेंट किती दांडगा आहे यापेक्षा मला हे जास्त टोचतं, की ज्यांच्याकडे दहा सेक्शनचे अधिकार आहेत तेच ते हातात घ्यायला तयार नाहीत, कारण उमेदवारीसाठीची निवडणूक आधी स्वतःच्या पक्षातच लढवायची असते आणि राजकीय पक्ष तर पुस्तकातच नाहीत. अधिकार द्यायला साधं बहुमत पुरतं, परत घ्यायला दोन तृतीयांश, आणि ते दोन तृतीयांश हल्ली एका पक्षाकडे नसतात. कोर्ट उशिरा येतं आणि फक्त समोर आलेल्या केसवर बोलतं. तरीही बऱ्याच वेळा थांबवतं, हे नाकारायचं नाही मला. पण चौदाव्या प्रश्नाचं उत्तर एवढं गुळगुळीत नको होतं.

असो, रिव्ह्यूकडे येते. फुकटचे पर्याय आहेत का? आहेत आणि चांगले आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसची टिपांसकट घटना ऑनलाइन आहे, प्रत्येक कलमाखाली कोर्टाचे निकाल, चढ्ढाची केस आम्ही तिथेच वाचली. फक्त गंमत म्हणून सांगते, ऑगस्ट 2025 मध्ये त्याच साइटवरून आर्टिकल 1 चा सेक्शन 8 चा काही भाग आणि 9, 10 पूर्ण गायब झाले होते, कोडिंगची चूक म्हणाले आणि लगेच दुरुस्त केलं, पण तेव्हा आमच्या सेलोटेपवाल्या प्रतीला भाव आला होता. फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरची पण ऑनलाइन घटना आहे, त्यात एकाच कलमावर वेगवेगळ्या विचारांचे प्राध्यापक आधी एकमत कशावर आहे ते लिहितात आणि मग भांडतात, मला ती जास्त आवडली, बाबांना नाही.

घ्यायची असेल तर दोन गोष्टी बघून घ्या, एक म्हणजे अक्षराचा आकार (मोठ्या अक्षरातली मिळते, थोडी महाग पडते) आणि दुसरं मागे इंडेक्स आहे का. नुसती टेस्ट पास व्हायची असेल तर घेऊच नका, शंभर उत्तरं पाठ करा, पुस्तिकेने गोंधळ वाढतो. पाचपैकी साडेतीन स्टार, पिना बऱ्या असत्या तर चार.

इंटरव्ह्यूला चौदावा प्रश्न आला. बाबा म्हणतात मी एक सेकंद थांबलो, समोरच्या बाई माझ्याकडे बघत होत्या, मग म्हटलं चेक्स अँड बॅलन्सेस. त्यांनी टिक केली. सहा बरोबर झाल्यावर पुढचे विचारलेच नाहीत. मी त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरातली नवी कॉपी मागवलीये, पण जुनी परत द्यायला तयार नाहीत, म्हणतात समासातला हिशोब अजून जुळलेला नाही.