इराणी रेशमाच्या दोन वाटा: मॉस्कोची आणि सुरतेची

इराणी रेशमासाठी इंग्रज व्यापाऱ्यांच्या दोन कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. रशियाशी व्यापार करणाऱ्या मस्कोव्ही कंपनीची वाट रशियातून जायची: व्होल्गा नदी, आस्त्राखान शहर, कॅस्पियन समुद्र. १५६२ मध्ये तिचा प्रतिनिधी अँथनी जेंकिन्सन एलिझाबेथ राणीचं पत्र घेऊन कझवीनला इराणचा राजा शाह तहमास्प याच्यापुढे उभा राहिला. तो ख्रिस्ती आहे म्हटल्यावर शाहाने त्याची बोळवण केली. तो बाहेर पडताना एक माणूस त्याच्या पावलांवर वाळू टाकत मागून आला! एवढा प्रवास करून ही वागणूक. देण्यासारखं त्याच्याकडे होतं ते मुख्यतः लोकरी कापड.

ईस्ट इंडिया कंपनीची वाट समुद्रातली. १६१६ मध्ये सुरतेहून तिचं ‘जेम्स’ जहाज इराणच्या किनाऱ्यावरच्या जास्कला निघालं. मला हीच वाट सरस वाटते, कारण शाह अब्बासला पोर्तुगीजांविरुद्ध लढाऊ जहाजं हवी होती आणि ती इंग्रजांकडे होती. १६२२ मध्ये पोर्तुगीज गोव्याच्या अखत्यारीतलं होर्मुझ बेट दोघांनी मिळून घेतलं, आणि इराणच्या बंदर अब्बास या बंदराच्या जकातीत कंपनीला वाटा मिळाला.