सनमायक्याची कड: ट्रिमर की कानस?

जुळे सोलापुरातील एका दुकानाच्या काउंटरवर १ मिलिमीटर जाडीचा सनमायका बसवताना मी दोन्ही पद्धती वापरल्या. लांब, सरळ कडेसाठी ट्रिमरला, म्हणजे कड छाटणाऱ्या हातातल्या छोट्या विजेच्या यंत्राला, बेअरिंगचे कार्बाइड बिट (फिरणारे कापायचे पाते) लावणेच योग्य, कारण बेअरिंग कडेच्या पट्टीवर टेकून चालते आणि बाहेर आलेला सनमायका कडेबरोबर एकसारखा कापला जातो. मात्र ओघळलेला गोंद बेअरिंगवर साचला, तर ते अडकून बिटाबरोबर गरगर फिरते आणि पट्टीवर काळा चट्टा उमटतो, म्हणून कड आधी पुसावी आणि ट्रिमरचा प्लग काढून बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे. कानस संथ आहे. पण आतल्या कोपऱ्यात, जिथे गोल बिट पोहोचतच नाही, तिथे मला तिचाच भरवसा वाटतो. तिचा दाब नेहमी सनमायक्याकडून प्लायकडे द्यावा. उलट ओढल्यास टवका उडतो.