मुलाचा हायस्कूल बँड (टेक्सास): दहा महिन्यांनंतरचा अनुभव

इथे बरेच आईबाबा विचारतात की नववीत बँड घ्यावा का, ऑर्केस्ट्रा घ्यावा, का क्वायर, का सरळ सोडून देऊन एखादा जास्तीचा एपी (कॉलेजच्या पातळीचा) विषय घ्यावा, तर आमचा अनुभव लिहिते. आम्ही डॅलसजवळ राहतो, मुलगा क्लॅरिनेट वाजवतो, सहावीपासून. मी स्वतः लहानपणी पेटी शिकलेय आणि गांधर्वच्या परीक्षा दिल्यात, त्यामुळे माझं बघणं त्या अंगानेच होतं हे आधीच सांगते.

आधी एक गैरसमज. बँड म्हणजे दुपारचा छंदवर्ग नाही, तो वेळापत्रकातला विषय आहे, मार्क असतात. टेक्सासमध्ये ग्रॅज्युएशनला फाइन आर्ट्सचं 1 क्रेडिट लागतंच, ते यातून होतं, आणि मार्चिंग (मैदानावर रांगांत चालत वाजवणं) केलं तर पीईचं, म्हणजे शारीरिक शिक्षणाचं, क्रेडिटसुद्धा त्यातून मिळू शकतं, तेव्हा "अभ्यासाचा वेळ जातो" हे अर्धंच खरं. शिवाय इथे नो पास नो प्ले नियम आहे, एखाद्या विषयात 70 च्या खाली गेलं की किमान तीन आठवडे स्पर्धा बंद. आमच्याकडे जॉमेट्रीचा अभ्यास याच भीतीने झाला, मला एकदाही ओरडावं लागलं नाही.

आता मार्चिंग. शाळा सुरू व्हायच्या आधीच बँड कॅम्प सुरू होतो, ऑगस्टचं ऊन, पार्किंग लॉटवर आखलेल्या रेषा, प्रत्येक पोराकडे पाण्याचा गॅलनचा जग. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, आणि ते वाजवत वाजवत, पाठ करून, शेजारच्याची रांग न मोडता. पहिल्या आठवड्यात तो घरी आला की बूट न काढता जमिनीवर आडवा व्हायचा, मला खरंच काळजी वाटली होती. शाळेच्या आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेर 8 तासांपेक्षा जास्त रिहर्सल घ्यायची नाही असा यूआयएलचा (टेक्सासमधल्या शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था) नियम आहे, पण शुक्रवारची फुटबॉल मॅच आणि शनिवारची स्पर्धा त्याच्या वरून, सामान चढवणं उतरवणं वेगळं. गणपती नेमके याच दिवसांत येतात. शुक्रवारी मंडळाची आरती आणि तिकडे हाफटाइम शो, आम्ही दोन वेळा आरती चुकवली, मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

एक खरी तक्रार आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर पोरं तेच सात-आठ मिनिटांचं म्युझिक वाजवतात. पाठांतर पक्कं होतं, श्वास वाढतो, पण नोटेशनचं वाचन तिथेच राहतं आणि सुराकडे लक्ष कमी होतं, कारण मैदानावर जोरातच वाजवावं लागतं. आम्ही अर्ध्या तासाचा प्रायव्हेट लेसन लावला म्हणून सावरलं. परवडत असेल तर सप्टेंबरपासूनच लावा, नोव्हेंबरची वाट बघू नका. दुसरी तक्रार पैशांची. बँड फी सुरुवातीला सांगतात, पण बूट, ग्लोव्हज, ट्रिपचे पैसे, क्लॅरिनेटचं महिन्याचं भाडं हे सगळं सुटं सुटं समोर येतं. रीड्स (क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी) तर विचारू नका, दहाच्या डब्यातल्या चार-पाचच नीट वाजतात आणि त्यातली एक दप्तरात तुटते. फी माफीचा फॉर्म असतो, गरज असेल तर डायरेक्टरना सरळ विचारा, लाजू नका. आमच्याकडे ही गोष्ट कुणी आपणहून सांगितली नव्हती आणि हे मला अजिबात आवडलं नाही.

पण नोव्हेंबरनंतर कॉन्सर्ट सीझन (स्टेजवर बसून वाजवायचा) सुरू झाला आणि माझं मत बदललं, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहितेय.

ऑडिशन होऊन मुलं तीन बँडमध्ये विभागली, आमचा तिसऱ्यात, आणि तिथेही थर्ड क्लॅरिनेट, म्हणजे क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा पार्ट. मला ते मनाला लागलं. आपल्याकडे शिकणं म्हणजे गुरूसमोर एकटं बसणं, वाजवायचं ते पूर्ण, चाल आपली, तान आपली. हा घरी आपला पार्ट वाजवायचा तर त्यात चालच नाही, चार मात्रा एकच सूर, मग दोन मात्रा थांब, मग परत तोच सूर. मी पेटी घेऊन सोबत बसले तर काही जुळेना, तो म्हणतो सी आणि पेटीवर येते काळी पाच. क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं असतं हे मला तेव्हा कळलं, त्याच्या कागदावरचा सी म्हणजे आपली काळी पाच, आणि अख्खा बँड त्याच सुरावर मिळवतात. मग मी रोज दहा मिनिटं काळी पाच धरून बसायचे आणि तो त्यावर लांब सूर लावायचा, लाँग टोन्स म्हणतात, आपल्या खर्जाच्या रियाजासारखंच. बासरीत जोरात फुंकलं की त्याच बोटांनी सूर वरच्या सप्तकात जातो, क्लॅरिनेटमध्ये रजिस्टर की (वरचे सूर काढायची कळ) दाबली की सप्तक ओलांडून त्याच्याही पुढचा पंचम येतो, त्यामुळे खालची आणि वरची बोटं वेगळी. ए वरून बी ला जाताना, त्याला ब्रेक म्हणतात, जवळपास सगळी बोटं एकदम झाकायची. डिसेंबरभर घरात किंचाळ्या होत्या, जानेवारीत थांबल्या.

वसंतात यूआयएलची कॉन्सर्ट अँड साइटरीडिंग स्पर्धा असते. आधी स्टेजवर तयार केलेले तीन पीस, मग दुसऱ्या खोलीत कधीच न बघितलेलं म्युझिक. डायरेक्टर थोडा वेळ समजावतात, पोरांनी वाद्यातून आवाज न काढता नुसती बोटं फिरवायची, आणि मग थेट वाजवायचं. तो घरी येऊन म्हणाला, "आई, मधे मी हरवलो होतो, पण शेजारच्या मुलीचा सूर ऐकून परत आलो." शेजारचं ऐकून परत येणं मला पेटीच्या दहा वर्षांत कुणी शिकवलं नाही, गरजच पडली नव्हती.

आणि मेच्या कॉन्सर्टला मी डोळे मिटून फक्त थर्ड क्लॅरिनेट शोधत बसले. तो लांबलेला एक सूर खाली होता म्हणून वरची बासरी सुंदर वाटत होती. तंबोऱ्याचं महत्त्व ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

ऑल-रीजनला (आसपासच्या शाळांतल्या निवडक मुलांचा बँड) त्याने ऑडिशन दिली नाही, पुढच्या वर्षी देणार आहे. ती पडद्याआडून घेतात, जजना मूल दिसत नाही, हे मला फार आवडलं. शाळेत पुढच्या वर्षासाठी तीनपैकी दुसऱ्या बँडमध्ये त्याची निवड झालीये. ज्यांचं मूल यंदा नववीत जातंय त्यांना एकच सांगते, भारताची तिकिटं काढायच्या आधी बँडचं कॅलेंडर मागून घ्या, आम्ही गेल्या वर्षी तारीख बदलायला दोनशे डॉलर भरले.