बीटन की ॲक्टन? व्हिक्टोरियन स्वयंपाकघराचं कोणतं पुस्तक घ्यावं

जुन्या इंग्रजी घरगुती स्वयंपाकाबद्दल काही वाचावं, जमलं तर करूनही बघावं असं मनात आलं, की बहुतेकांना पहिलं नाव सापडतं ते मिसेस बीटन यांचं. मीही तिथूनच सुरुवात केली. एलायझा ॲक्टन हे नाव मला बऱ्याच उशिरा कळलं. आता दोन्ही पुस्तकं कित्येक वर्षं हाताशी आहेत आणि कोणी विचारलं तर माझं उत्तर पक्कं आहे. रांधायचं असेल तर ॲक्टन घ्या. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी मध्यमवर्गीय घर कसं चालायचं ते जाणून घ्यायचं असेल तर बीटन घ्या. फक्त नावाला भुलून स्वयंपाकासाठी बीटन आणू नका.

आधी या दोघी कोण होत्या ते सांगते, कारण पुस्तकांचा स्वभाव तिथूनच आला आहे.

ॲक्टनबाईंचा जन्म १७९९ चा, ससेक्समधल्या बॅटल गावचा. वडील बिअरच्या धंद्यात. त्या आधी कवयित्री होत्या, १८२६ मध्ये त्यांचा कवितासंग्रह निघाला होता. लग्न केलं नाही. केंटमधल्या टनब्रिजला राहून वर्षानुवर्षं पदार्थ करून पाहिले आणि १८४५ मध्ये, पंचेचाळिशीत, 'मॉडर्न कुकरी' प्रसिद्ध केलं. प्रत्येक कृतीखाली जिन्नस, त्यांची मापं आणि लागणारा वेळ वेगळा काढून देण्याची शिस्त त्यांनी आणली. त्याआधीच्या पुस्तकांत हे सगळं मजकुरात विरघळलेलं असायचं. अर्धी कृती झाल्यावर कळायचं की अजून चार अंडी हवी होती.

इझाबेला बीटन १८३६ च्या, म्हणजे एका पिढीने लहान. नवरा सॅम्युएल मासिकं-पुस्तकं छापायचा. तो स्त्रियांसाठी काढत असलेल्या मासिकाला जोडून १८५९ ते १८६१ या काळात २४ मासिक भाग निघाले आणि ऑक्टोबर १८६१ मध्ये त्यांचं एकत्र पुस्तक झालं: 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट'. अकराशेच्या वर पानं, नऊशेच्या वर पाककृती, पहिल्या वर्षात ६०,००० प्रती. हे ऐकून डोळ्यांपुढे एखादी पोक्त, अनुभवी गृहिणी येते. प्रत्यक्षात पुस्तक निघालं तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि १८६५ मध्ये बाळंतपणानंतरच्या तापाने अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्यासुद्धा. एवढ्या वयात एवढं प्रचंड काम उभं करणाऱ्या त्या मुलीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते काम संपादिकेचं होतं, स्वयंपाकिणीचं नव्हे. कृती मुख्यतः इतर पुस्तकांतून आणि वाचकांच्या पत्रांतून गोळा केलेल्या. त्यांतल्या कित्येक ॲक्टनबाईंच्या, नाव न देता घेतलेल्या. ॲक्टनबाईंना अशा उचलेगिरीचा अनुभव आधीपासून होता. १८५५ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी तशी तक्रार केली आणि स्वतःच्या कृतींवर 'लेखिकेची मूळ कृती' असा शिक्का मारला. बीटनबाईंचं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही, त्या १८५९ मध्येच वारल्या.

दोघींची पारख करायची तर आपल्याला सगळ्यात सोयीचं पान म्हणजे करी. इथे आपण कोणाच्या शब्दावर अवलंबून नाही, जीभ आपली आहे.

बीटनबाईंची करी पावडर बघा: पाव पौंड धणे, पाव पौंड हळद, दोन औंस मेथी, एकेक औंस मोहरी आणि सुंठ, अर्धा औंस कायेन मिरची, शिवाय ऑलस्पाइस हा लवंग-दालचिनीसारख्या वासाचा मसाला. आणि खाली सल्ला असा, की घरी करण्यापेक्षा चांगल्या दुकानातून आणलेली पावडर साधारणपणे सरस असते आणि बऱ्याचदा स्वस्तही पडते. घर चालवणारीच्या दृष्टीने हा सल्ला चुकीचा नाही. त्यांची आंब्याची चटणी मला जास्त बोलकी वाटते. नावात बंगाल आहे, आंबा आहे, आणि जिन्नसांत तीस मोठी कच्ची आंबट सफरचंदं. साखर, आलं, मोहरी, बेदाणे, सुक्या मिरच्या, व्हिनेगर, आणि पाव पौंड लसूण. याच पुस्तकात इतरत्र लसणाचा वास लोकांना किळसवाणा वाटतो असं लिहिलंय. वेगवेगळ्या हातांच्या कृती एका ठिकाणी आल्या की असंच होणार.

ॲक्टनबाई करीकडे वेगळ्या नजरेने बघतात. पूर्वेकडची करी इंग्लंडमधल्या करीपेक्षा इतकी सरस का, याचं कारण त्या शोधतात: दोष निव्वळ आमच्या स्वयंपाक्यांच्या कौशल्याचा नाही, तिकडे ओले, ताजे जिन्नस मिळतात आणि ते आम्हाला मिळत नाहीत. इंग्लंडात हळद आणि कायेन मिरची फार चढते, हेही त्या सांगतात. मग उपाय काय? गोड, चांगला नारळ घ्यावा, दोनएक औंस किसून तो करीच्या रश्श्यात जवळजवळ तासभर मंद शिजू द्यावा, चव खूप सुधारते. हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं बसून राहिले. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कुठल्याही घरात हे लहान मुलीलाही ठाऊक असतं, पण केंटमधल्या एका बाईने १८४० च्या दशकात हे नुसत्या चवीच्या जोरावर ओळखावं! चूक त्यांचीही होते. त्यांनी दिलेल्या, अर्नॉट नावाच्या एका गृहस्थांच्या करी मसाल्यात हळद ८ औंस आणि धणे ४. धण्यांच्या दुप्पट हळद आपल्याकडे कोणी घालणार नाही, मी ती निम्म्याहून कमी करते. जिरं २ औंस, मेथी २, मिरची अर्धा औंस. मेथीसुद्धा हात आखडूनच घाला.

गोडाकडे वळले तर माझा कौल आणखीच ॲक्टनबाईंकडे झुकतो. त्यांच्याकडे एक 'गरीब लेखकाचं पुडिंग' आहे आणि एक 'प्रकाशकाचं पुडिंग'. प्रकाशकाचं पुडिंग कितीही श्रीमंत केलं तरी कमीच, असं त्या म्हणतात: बदाम, साय, बेदाणे, ब्रँडी. गरीब लेखकाच्या वाट्याला दूध, साखर, तीन अंडी आणि पाव. मी दुसरं अनेकदा केलंय. एक क्वार्ट, म्हणजे साधारण ११३५ मिलिलिटर दूध, लिंबाची पातळ साल किंवा ठेचलेली दालचिनी टाकून उकळायचं, चिमूटभर मीठ, ३ औंस म्हणजे ८५ ग्रॅम साखर. दूध पार गार झालं की फेटलेली अंडी घालून गाळायचं. वर कडा काढलेल्या, अर्धा इंच जाडीच्या, दोन्ही बाजूंनी लोणी लावलेल्या पावाच्या चकत्या फटी न ठेवता बसवायच्या. त्या अर्धा तास सांगतात, माझ्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण तास लागतो. वरचा पाव खरपूस होतो आणि खाली दूध थरथरतं घट्ट बसतं. ओव्हन उघडल्यावर लोण्याचा आणि लिंबाच्या सालीचा जो वास येतो, त्यासाठी तरी करून बघा.

बीटनबाईंचं नाताळचं पुडिंगही उत्तम होतं, ते नाकारणार नाही. दीड पौंड बेदाणे, आठ अंडी, पाच ते सहा तास उकळणं, आणि हंगाम काय तर २५ डिसेंबर व त्यानंतर मार्चपर्यंतचे सणसमारंभ. त्यांच्या मांडणीचं वैशिष्ट्य इथे दिसतं. जिन्नस आधी, मग कृती, वेळ, सरासरी खर्च, किती जणांना पुरेल, कोणत्या महिन्यात करावं. ॲक्टनबाई मापं शेवटी देतात, बीटनबाईंनी ती सुरुवातीला आणली. ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला हीच रीत सोयीची, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

भाज्यांसाठी मात्र दोघींकडेही जाऊ नका. बीटनबाई मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकळायला सांगतात. ॲक्टनबाईही करकरीत भाजी म्हणजे अर्धकच्ची आणि तब्येतीला वाईट, असं ठामपणे म्हणतात.

आता बीटनबाईंची बाजू, जिथे ॲक्टन त्यांच्या जवळपासही येत नाहीत. घराची मालकीण म्हणजे सैन्याचा सेनापती, या थाटात पुस्तक सुरू होतं. मग लवकर उठणं, रोजचा हिशेब रोज लिहिणं, पाहुणे, जेवणावळी, धोबीघर, आजारपण, मुलांचं संगोपन, शेवटी भाडेकरार आणि मृत्युपत्रासारखे कायदेशीर विषयसुद्धा. एक तक्ता मी पुन्हा पुन्हा बघते: वार्षिक उत्पन्न १००० पौंड असेल तर स्वयंपाकीण, दोन मोलकरणी, मुलांची दाई आणि एक गडी. ५०० असेल तर स्वयंपाकीण, मोलकरीण, दाई. १५० ते २०० असेल तर सगळी कामं करणारी एकच मुलगी, गरजेला वरकामाला आणखी एखादी पोर.

या एकट्या मुलीवरचा भाग पुस्तकातला सगळ्यात जिवंत आहे. पहाटे खिडक्यांच्या झडपा उघडायच्या, चुलीतली राख काढायची, जाळी घासायची, बसायची खोली झाडायची, न्याहारी मांडायची, आणि तिथून रात्रीपर्यंत. पगार वर्षाला ९ ते १४ पौंड. बीटनबाई लिहितात की नोकरवर्गात खरोखर कीव करावी अशी कदाचित हीच एक, तिचं आयुष्य एकाकी असतं. इतकं लिहून लगेच तिच्या कामांची यादी पुढे चालू राहते. व्हिक्टोरियन कादंबऱ्या वाचताना दार उघडायला येणारी, नाव नसलेली जी मुलगी असते, तिचा संपूर्ण दिवस मला इथे पहिल्यांदा दिसला. त्याच पुस्तकात गरिबांसाठीच्या सूपची कृतीही आहे. १८५८ च्या हिवाळ्यात त्या स्वतः दर आठवड्याला आठ-नऊ गॅलन सूप करून जवळच्या गावातल्या डझनभर कुटुंबांना द्यायच्या. हे मात्र नक्की त्यांच्या हातचं.

इंग्रजांची भारतातली घरं हा तुमचा विषय असेल तर या दोन्हींऐवजी फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं १८८८ चं 'द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक' बघा. माहिती भरपूर आहे. नोकरांबद्दलचा सूर हुकमी, घर चालवणं म्हणजे साम्राज्य चालवणं, असा. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या पिढीबद्दल हे वाचताना मला जड जातं, हे आधीच सांगते.

विकत घेताना आवृत्ती नीट बघा. बीटनबाई गेल्यानंतर हक्क विकले गेले आणि त्यांच्या नावाखाली पुस्तक फुगत, बदलत राहिलं. विसाव्या शतकातली जाडजूड आवृत्ती हाती आली तर त्यात त्यांचं थोडंच उरलेलं असतं. १८६१ चा मजकूर आहे ना, ते विचारूनच घ्या. ऑक्सफर्डची संक्षिप्त आवृत्ती वाचायला सुटसुटीत आहे, पण तिच्यात बऱ्याच कृती गाळल्या आहेत. ॲक्टनबाईंची १८५५ ची, 'फॉर प्रायव्हेट फॅमिलीज' अशी शेपटी जोडलेली आवृत्ती घ्या. दोन्हींचे स्वामित्वहक्क कधीच संपलेत, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचून मगच पैसे खर्च करता येतील.

आणि करायला बसलात तर तीन गोष्टी. पाइंट ब्रिटिश धरा, ५६८ मिलिलिटरचा. अमेरिकन धरलात तर सगळं घट्ट होईल. ओव्हनचे अंश कुठेच नाहीत, मंद, मध्यम, कडक एवढंच, तेव्हा मध्यम म्हणजे १८० पासून सुरुवात करा. पुडिंगात जागोजागी गाई-बैलाची चरबी येते. चालत नसेल तर लोणी फ्रीजरमध्ये दगडासारखं घट्ट करून किसून घाला, आणि किसल्या किसल्या पिठात मिसळा, हातात विरघळू देऊ नका.