ऑटोकॅडमधली टेबलं: एक्सेल लिंक, एक्स्ट्रॅक्शन, फील्ड की थेट रेव्हिट?

ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये दरवाजे-खिडक्यांचं शेड्यूल (नग आणि मापांची यादी) आणि एरिया स्टेटमेंट (क्षेत्रफळांचा तक्ता) हाताने टाइप करणं बंद करायचंय पण कुठली पद्धत घ्यावी ते ठरत नाहीये, तर आधी एवढंच बघा की तुमचा आकडा मुळात तयार कुठे होतो, ड्रॉइंगमध्ये की एक्सेलमध्ये. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

एक्सेलमधून कॉपी करून सरळ पेस्ट, हे सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. तो ओएलई ऑब्जेक्ट, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधून आणून चिकटवलेला तुकडा असतो, ड्रॉइंगच्या टेक्स्ट स्टाइलशी त्याचा काही संबंध नाही, मोठी शीट असली की खालच्या ओळी कापल्या जातात. सबमिशनच्या, म्हणजे मंजुरीला द्यायच्या ड्रॉइंगला तर नकोच.

डेटालिंक, म्हणजे टेबल एक्सेल फाइलला जोडून ठेवणं, याच्यापेक्षा खूप बरं. ऑटोकॅड २००८ पासून आहे, एक्सेलची अख्खी शीट किंवा ठरावीक रेंज जोडता येते आणि टेबल ऑटोकॅडचंच राहतं, म्हणजे फॉन्ट, लाइन सगळं आपल्या हातात. कन्सल्टंटकडे ती एक्सेल फाइल नसली तरी शेवटचे आकडे दिसतात, फक्त अपडेट होत नाहीत. फिनिशिंग शेड्यूल, हार्डवेअरची यादी, जे मुळात एक्सेलमध्येच बनतं त्याला हे एकदम योग्य. पण दरवाजे मोजायला नाही, कारण प्लॅनमध्ये डी२ टाइपचा एक दरवाजा वाढवला तर एक्सेलला ते कुठून कळणार?

मोजायचं असेल तर डेटा एक्स्ट्रॅक्शन. ब्लॉकचे (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार चित्राचे) ॲट्रिब्यूट, म्हणजे त्याला जोडलेली माहिती, आणि डायनॅमिक ब्लॉकची (माप बदलता येणाऱ्या ब्लॉकची) मापं वाचून ते स्वतःच नग मोजतं, टेबल करतं, वर त्यात एक्सेलमधले रेटचे कॉलमही जोडता येतात. अट एकच, ऑफिसमध्ये ब्लॉकची शिस्त हवी. कोणी दरवाजा एक्स्प्लोड केला, म्हणजे ब्लॉक फोडून सुट्या रेषा केल्या, की तो मोजणीतून गेलाच, आणि लेजंडमध्ये (चिन्हांच्या सूचीत) ठेवलेला नमुन्याचा ब्लॉक मॉडेल स्पेसमध्ये असेल तर तोही नगात धरला जातो, म्हणून सिलेक्शन नीट द्या. ऑटोकॅड एलटीमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वस्त आवृत्तीत, हे मिळत नाही, लायसन्स घेण्याआधी लक्षात ठेवा!

एरिया स्टेटमेंटसाठी मात्र लोक फील्ड (ड्रॉइंगमधून आकडा आपोआप उचलणारा मजकूर) वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. रूमच्या बंद पॉलिलाइनचं (सलग जोडलेल्या रेषेचं) क्षेत्रफळ टेबलच्या सेलमध्ये फील्ड म्हणून टाकायचं, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर कन्व्हर्जन फॅक्टर ०.०००००१ द्यायचा म्हणजे चौरस मीटर मिळतात, खाली बेरजेचा फॉर्म्युला. भिंत सरकली की पॉलिलाइन ताणा, रीजेन (REGEN, ड्रॉइंग ताजं करणारी कमांड) मारा, बेरीज बदलली. युडीसीपीआरप्रमाणे (राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे) एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम चालतं ते प्रमाण) बसवताना प्लॅन कितीदा हलतो हे महाराष्ट्रात सबमिशन करणाऱ्याला सांगायला नको, तिथे हाताने टाइप केलेला आकडा मागे राहतोच राहतो. पॉलिलाइन डिलीट केली तर सेलमध्ये #### दिसतं, आणि ते चांगलंच आहे, चुकीचा आकडा गुपचूप प्रिंट होण्यापेक्षा.

आता रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. तिथे शेड्यूल म्हणजे मॉडेलच, फक्त टेबलच्या रूपात. शेड्यूलमध्ये दरवाज्याच्या टाइपची रुंदी बदलली की त्या टाइपचे सगळे दरवाजे बदलतात, प्लॅनमध्ये आणि एलेव्हेशनमध्येही. मोठ्या टॉवरला, जिथे स्ट्रक्चर आणि एमईपीवालेही (एसी, वीज, प्लंबिंगवाले) मॉडेलवर आहेत, तिथे याला तोड नाही. पण नवशिक्याने नुसता आकडा दुरुस्त करायला जावं आणि मॉडेल हलावं असंही होतं, त्यामुळे टाइप (त्या प्रकारचे सगळे दरवाजे) आणि इन्स्टन्स (एकच दरवाजा) यांतला फरक टीमला आधी शिकवा. एक्सेलमध्ये न्यायचं तर टेक्स्ट एक्सपोर्ट मिळतो, डेटालिंकसारखी जिवंत जोडणी नाही, त्यासाठी डायनॅमो (रेव्हिटमधली कामं आपोआप करून घ्यायचं साधन) वगैरे लागतं.

बंगला, छोटी सोसायटी, दोन-चार जणांचं ऑफिस असेल तर केवळ शेड्यूलसाठी रेव्हिटवर जाऊ नका. एरियाला फील्ड, दरवाजे-खिडक्यांना एक्स्ट्रॅक्शन, फिनिशिंगला डेटालिंक, एवढं बसवा. फक्त एक्स्ट्रॅक्शन आणि डेटालिंकची टेबलं ड्रॉइंग बाहेर देण्याच्या (इश्यूच्या) आधी दर वेळी अपडेट करायची, आणि ते काम एका ठरावीक माणसाकडे द्या.