सायफरमध्ये स्पेसचं काय करायचं: ठेवायची, काढायची की सरकवायची?

पायथॉनमध्ये सीझर सायफरचं (प्रत्येक अक्षर ठरावीक घरं पुढे सरकवून मजकूर लपवण्याची पद्धत) सूत्र पटकन जमतं, घोळ होतो तो स्पेसपाशी. अक्षराच्या कोडातून, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या त्याच्या क्रमांकातून, ९७ (लहान ‘ए’चा कोड) वजा करा, ३ मिळवा, २६ ने भागून बाकी घ्या, हे नेहमीचं सूत्र स्पेसलाही लावलं (तिचा कोड ३२), तर बाकी १६ येते, म्हणजे ‘क्यू’. पण ‘एन’चंही ‘क्यू’च होतं. एरर येत नाही, मात्र उलगडलेल्या मजकुरात प्रत्येक स्पेसच्या जागी ‘एन’ दिसतो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्पेस जशीच्या तशी पुढे पाठवणे. एक इफ पुरतो आणि मजकूर हुबेहूब परत मिळतो. फक्त तपासणी ‘इझअल्फा’ने (हे अक्षर आहे का, ते सांगणारं पायथॉनचं फंक्शन) करू नका: त्याला ‘क’सुद्धा अक्षरच वाटतं. अक्षर आपल्या २६ अक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये आहे का, एवढंच बघा. तोटा असा की शब्दांची लांबी उघडी पडते. इंग्रजीत एकटं अक्षर दिसलं की ते बहुधा ‘ए’ किंवा ‘आय’. सीझरमध्ये याची चिंता कशाला, २५ चाव्या (किती घरं सरकवायचं ते आकडे) तशाही क्षणात तपासून होतात. अक्षरांची मनमानी अदलाबदल करणाऱ्या सायफरमध्ये मात्र हा तोटा खरा आहे.

तिथे स्पेस काढून पाच-पाच अक्षरांचे गट पाडण्याची जुनी पद्धत बरी. शब्द परत जोडणं वाचणाऱ्याच्या माथी येतं, त्यामुळे छोट्या निरोपांपुरतीच.

स्पेसला २७वं अक्षर मानून २७ ने बाकी काढणं दिसायला सर्वांत देखणं. पण ३ ने सरकवल्यावर ‘एक्स’ची स्पेस होते. निरोप ‘एक्स’ने संपला आणि कुठे ‘स्ट्रिप’ (कडेच्या स्पेस काढून टाकणारं फंक्शन) लावलेलं असलं, की ते अक्षर गेलंच. शिवाय इंग्रजी मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारं चिन्ह बहुधा स्पेसच असतं. ती ‘सी’ झाली, तर ‘सी’ मोजूनच चावी हाती लागते. गुप्तता वाढेल म्हणून हा मार्ग घेत असाल, तर नका घेऊ.

शिकण्यासाठी लिहीत असाल तर माझं मत पहिल्या मार्गाला. पुढे व्हिजनेर सायफर (चावी हा एक शब्द असतो आणि त्यातल्या अक्षरांनुसार प्रत्येक अक्षर वेगळं सरकतं) करायचा असेल तर चावीसाठी वेगळा काउंटर ठेवा आणि तो फक्त अक्षरावर वाढवा. ‘एन्युमरेट’चा इंडेक्स (स्पेससकट प्रत्येक चिन्हाचा क्रमांक) वापरला, तर वाटेत एक जास्तीची स्पेस घुसली तरी पुढची सगळी अक्षरं चुकीची उलगडतात.